बोर्डावरचा आवाज, खिशातला फोन

पूर्वी रायपूरच्या बूढापाऱ्यात फोन कुणाकडे होता, असं जुन्या माणसांना विचारलं तर उत्तराला वेळ लागत नाही. डॉक्टरांकडे, एका वकिलांकडे आणि सदर बाजारात पेढी असलेल्या शेठजींकडे. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर नंबर छापलेला असायचा, पण त्याच्यापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं असायची. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. नागपूरहून कुणाचा फोन आला की शेठजींचा नोकर गल्लीत येऊन हाक मारायचा आणि आई पदराला हात पुसत धावायची. स्वतःचा फोन हवा असेल तर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. ज्यांच्या गाठीला पैसे होते ते ‘ओवायटी’त आगाऊ रक्कम भरून नंबर लावायचे. तिथंही रांग होतीच.

आणि आमच्या घरी फोन यायचा तो बहुतेक नागपूरचाच. रायपूरच्या मराठी घरांचे सगळे धागे त्या गावाशी बांधलेले. भोसल्यांच्या अमलात आलेली घराणी, मग इंग्रजी काळात नोकरीला आलेले कारकून, मास्तर, वकील. १९५६ पर्यंत तर नागपूर ही आमची राजधानीच होती. या वाटेनं निरोप किंवा माणूस पोचायला किती सायास पडत, याची एक गोष्ट बूढापाऱ्यातलं प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. १८७७ साली कलकत्त्याचे विश्वनाथ दत्त कामानिमित्त इथं येऊन राहिले आणि त्यांच्यामागोमाग कुटुंब आलं. तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. नागपूरपासून पुढं जंगलातून बैलगाडीनं कित्येक दिवस प्रवास करून चौदा वर्षांचा नरेंद्र इथं पोचला. बूढापाऱ्यातल्या डे भवनात ते कुटुंब राहिलं असं मानतात. तोच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला आणि आमच्या बूढा तालाबाचं नाव विवेकानंद सरोवर झालं. तळ्याच्या अंगाला सप्रे शाळा. ज्यांचं नाव तिला आहे त्या माधवराव सप्रेंनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं होतं, आणि पुढे ‘दासबोध’ नि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. दूरच्या माणसापर्यंत शब्द पोचवण्याची धडपड या वस्तीला नवी नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

मी १९७९ साली तळ्यापासून जवळच्या एका खासगी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

बोर्ड म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. उभी लाकडी पेटी. तिच्या पाठीवर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकापाशी एक्स्टेंशनचा नंबर आणि एक चिमुकली झडप. वॉर्डात कुणी रिसीव्हर उचलला की ती झडप टपकन पडायची. पुढच्या आडव्या फळीतून दोऱ्यांच्या जोड्या वर आलेल्या, टोकाला पितळी प्लग. मागची दोरी त्या भोकात खुपसायची, चावी ढकलून ‘बोला’ म्हणायचं, कोण हवं ते कळलं की पुढची दोरी त्या एक्स्टेंशनला लावायची आणि चावी उलटी ओढून घंटी द्यायची. बोलणं संपलं की प्लग काढून सोडला, की फळीखालच्या वजनानं दोरी सरसर आत जाऊन जागेवर बसायची. संध्याकाळी भेटीच्या वेळी एकदम पाच-सहा झडपा पडत. कुठली आधी घ्यायची, हे नंबर पाहून हातच ठरवत असे. बाळंतिणींच्या वॉर्डची झडप पडली की बाकीचे थांबायचे.

पण खरं काम दोऱ्यांचं नव्हतं. डॉक्टर ऑपरेशनला उभे आहेत की राउंडवर, दुसरे जेवायला घरी गेले असतील तर निघाले की नाही, भूल देणारे आज भिलाईला आहेत की इथंच, हे सगळं ऑपरेटरला ठाऊक असे. येता-जाता प्रत्येक जण बोर्डाच्या खिडकीत डोकावून ‘मी ओटीत आहे हो’, ‘मी घरी चाललो’ असं सांगून जाई. कुणी सांगितलं नाही तर आम्ही वॉर्डबॉयला पिटाळत असू. फोन लावणं हे निम्मं काम; माणूस शोधून देणं हे पुरं काम.

बाहेरगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. १८० फिरवून बुक करायचा आणि वाट पाहायची. साधा कॉल तासन्‌तास लागत नसे. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. इस्पितळाला आठपट परवडत नसे, पण रोग्याला थांबणं परवडत नसे, म्हणून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला हवा असला की लाइटनिंग बुक व्हायचा. नागपूरच्या ट्रंक ऑपरेटर बाईंचा आवाज मी वर्षानुवर्षं ऐकला. ‘रायपूर, बोला ताई, तुमचे डॉक्टरसाहेब आलेत का लाइनवर?’ तीन मिनिटं झाली की त्या मधे येऊन विचारायच्या, वाढवायचा का. पेशंट गंभीर आहे हे एकदा कळलं की लाइन खराब असली तरी कंटाळायच्या नाहीत. एका वाटेनं नाही लागला तर दुसऱ्या गावावरून फिरवून लावून द्यायच्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. पण भरवसा या शब्दानं मला आजही आधी तो आवाजच आठवतो.

त्या काळच्या फोनचं एक मोठेपण आता ध्यानात येतं. मे महिन्यात रायपूर तापतं ते असं, की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग एखाद्या संध्याकाळी वावटळ उठते, झाडं पडतात आणि शहराची वीज जाते. अंधार पडायचा, पंखे थांबायचे, पण रिसीव्हर उचलला की कानात तो घुमणारा डायल टोन असायचाच. कारण फोनची वीज घरातून येतच नव्हती. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची अख्खी खोली असे. तिथून ४८ व्होल्टचा पुरवठा बोलण्याच्याच दोन तांब्याच्या तारांतून आमच्यापर्यंत येई. आमच्या बोर्डाखालीही वेगळी बॅटरी ठेवलेली होती आणि तिचं पाणी तपासणं हे ठरलेलं काम होतं.

उलट पावसाळ्यात हाल. केबलमधल्या तारांना कागदाचं आवरण असायचं. शिशाच्या नळीला कुठं चीर पडली की पाणी आत शिरायचं आणि अख्ख्या वस्तीचे फोन खरखरायला लागायचे. १९८ ला तक्रार द्यायची. मग लाइनमन सायकलीवरून येई, खांबावरची डीपी उघडून आपला टेस्टिंगचा हातफोन तारांना चिमट्यानं लावी आणि मला बोर्डावर फोन करी. ‘दीदी, गिनती बोलो.’ मी एक, दो, तीन म्हणत राही आणि तो एकेक जोडी बदलून बघे. जिथं आकडा गळला नाही ती जोडी चांगली. या मोजणीची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

१९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, देशी बनावटीची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं तयार व्हायला लागली आणि हळूहळू सगळंच पालटलं. एसटीडी आलं, सप्रे शाळेच्या रस्त्यावर पिवळ्या पाट्यांचे पीसीओ उघडले, रात्री उशिरा पाव दरात बोलण्यासाठी काचेच्या खोक्याबाहेर रांगा लागायला लागल्या. ट्रंकच्या त्या बाईंचा आवाज थांबला. आमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ईपीएबीएक्स, म्हणजे इस्पितळाचं आपलं छोटं एक्स्चेंज, बसलं. दोऱ्या गेल्या, बटणं आली. कुठल्याही वॉर्डातून कुठल्याही वॉर्डात थेट फोन लागायला लागला. सोय झाली यात शंका नाही. पण त्याच वेळी एक नवं दुखणं सुरू झालं. फोन असायचा नर्सिंग काउंटरच्या भिंतीला आणि सिस्टर असायची पलंगापाशी. काउंटर रिकामा आणि फोन वाजतोय, हे दृश्य त्याआधी नव्हतं, कारण मधे एक माणूस होतं. वाजून वाजून फोन बंद पडायचा आणि करणाऱ्याला वाटायचं, वॉर्डात कुणी नाहीच.

मोबाइलनं हे दुखणं जाईल असं सगळ्यांना वाटलं. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून दिल्लीला झाला. आमच्या डॉक्टरांच्या खिशात तो त्यानंतर काही वर्षांनी आला. २००० साली १ ऑक्टोबरला बीएसएनएलचा कारभार सुरू झाला आणि १ नोव्हेंबरला छत्तीसगढ राज्य झालं. एका महिन्याच्या अंतरानं टेलिफोन खातं कंपनी झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. मंत्रालयं आली, गाड्या वाढल्या, इस्पितळावर मजले चढले. मग प्रत्येक सिस्टरकडे, प्रत्येक वॉर्डबॉयकडे स्वतःचा मोबाइल आला आणि इस्पितळानं फोनची काळजी करणं सोडून दिलं.

इथं माझा जीव तुटतो. मोबाइल माणसाचा असतो, जागेचा नसतो. बोर्डावर एक्स्टेंशन १४ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची ड्युटी सिस्टर, मग ती कुणी का असेना. आता सकाळपाळीची सिस्टर घरी गेली की तिचा नंबर तिच्याबरोबर घरी जातो. नातेवाईकांनी तो एकदा लिहून घेतला की रात्री दोनला तिच्या घरात फोन वाजतो. मुलगी दमून झोपलेली असते, आणि फोनवर कुणी अनोळखी माणूस सलाइन संपल्याचं सांगत असतो. तरण्याताठ्या मुलींचे खासगी नंबर शहरभर पसरलेले, याचा त्रास त्यांनीच माझ्यापाशी बोलून दाखवला आहे. शिवाय तळघरात, जिथं आमचं एक्स-रे नि पॅथॉलॉजी आहे, तिथं मोबाइलची रेंज पोचत नाही. आणि बूढा तालाबाजवळ धरणास्थळ होतं त्या वर्षांत मोर्चाच्या दिवशी हजारो माणसं नि हजारो मोबाइल एकाच टॉवरवर येत. बाहेर घोषणा, भोंगे. आत डॉक्टर हातात फोन धरून ‘लागत नाही’ म्हणत उभे. आता धरणास्थळ नवा रायपूरकडे तुत्याला गेलं आहे, पण गणपतीत आणि मिरवणुकांत तोच अनुभव येतो.

म्हणून इस्पितळाच्या नव्या व्यवस्थापकांनी मला बोलावून ‘काकू, आता तीसेक वाय-फाय फोन घ्यायचं ठरतंय, तुम्ही जरा बघा’ असं म्हटलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. हा फोन दिसायला मोबाइलसारखा, पण सिम नाही. इमारतीतल्या वाय-फायवरून तो आपल्याच एक्स्चेंजला जोडलेला असतो आणि नंबर जागेचा असतो. पाळी बदलली की सिस्टर तो पुढच्या सिस्टरच्या हातात देते. एक्स्टेंशन १४ परत आलं, आणि या वेळी भिंतीवरून उतरून खिशात आलं.

आता निवडीबद्दल. विक्रेते आले, त्यांनी चकचकीत हँडसेट टेबलावर मांडले. सिस्को, ग्रँडस्ट्रीम, स्पेक्ट्रालिंक, अ‍ॅस्कॉम अशी या धंद्यातली नावं आहेत. किमतींत पुष्कळ फरक. चर्चा सगळी हँडसेटची आणि इंटरनेटच्या स्पीडची. माझं म्हणणं असं, की स्पीडवर वेळ घालवू नये. एका संभाषणाला एका बाजूनं सेकंदाला शंभर किलोबिटही लागत नाहीत. आजच्या कुठल्याही फायबर लाइनला ते जाणवणारसुद्धा नाही. बोलणं बिघडतं ते उशिरानं, गळतीनं आणि आवाजाचे तुकडे मागेपुढे पोचल्यानं. आवाज एका बाजूनं दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज होतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. त्याहून फार उशीर व्हायला लागला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. तेव्हा विक्रेत्याला विचारायचं ते हे, की वाय-फायवर कुणी सिनेमा बघत असलं तरी आवाजाला आधी वाट मिळेल अशी सोय राउटरपासून स्विचपर्यंत आणि वाय-फाय पसरवणाऱ्या छतावरच्या प्रत्येक डब्यापर्यंत आहे का. आमच्याकडे पेशंटांच्या नातेवाइकांना दिलेलं वाय-फाय आणि फोनचं वाय-फाय एकच होतं. ते आधी वेगळं करायला लावलं.

दुसरी गोष्ट इमारतीची. बूढापाऱ्यातली जुनी बांधकामं चुन्यातली, हात-दीड हात जाडीच्या भिंतींची. इस्पितळाची जुनी बाजू तशीच आहे, नवी बाजू काँक्रीटची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बरा जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, आणि या दाटीच्या वस्तीत शेजारच्या प्रत्येक घराचा राउटर तिथंच बसलेला. वर पँट्रीतला मायक्रोवेव्हही तिथंच कुरकुरतो. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्याकडे त्या पट्ट्याचा आणखी मोठा भाग विनापरवाना खुला झाला. पण जाड भिंतीपुढं तो दम तोडतो. म्हणून आवाजासाठी ५ गिगाहर्ट्झ घ्यायचं तर डबे जवळजवळ लावावे लागतात, आणि व्हरांड्यात रांगेनं न लावता खोल्यांच्या आत. फोनवर सिग्नलचा आकडा उणे ६७ डीबीएमपेक्षा खाली घसरता कामा नये, असं या क्षेत्रात मानतात. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं.

हे कागदावर झालं. खरी परीक्षा मोजणीनं होते, आणि ती मला लाइनमननं शिकवली होती. मी रिसेप्शनवर एक फोन घेऊन बसले. वॉर्डातल्या एका मुलाला दुसरा फोन देऊन सांगितलं, की दुसऱ्या मजल्यापासून सावकाश चालत ये, जिना उतर, एक्स-रेच्या दारावरून जा, आणि तोंडानं आकडे म्हणत राहा. जिथं माझ्या कानात आकडा गळेल तिथं मी ‘रुक’ म्हणणार आणि त्यानं जमिनीवर खडूनं फुली मारायची. पहिल्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत. जिन्याच्या वळणावर सत्तेचाळीसनंतर एकदम पन्नास ऐकू आला, फुली. लिफ्टच्या दारापाशी आवाज विहिरीत गेल्यासारखा; फुली. एक्स-रेच्या खोलीला किरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून शिशाचा पत्रा असतो, तो वाय-फायलाही अडवतो. तिथं आत गेल्या गेल्या आवाज बंदच. जुन्या बाजूच्या भिंतीमागं लेबर रूम, तिथं दोन फुल्या लागोपाठ. संध्याकाळी इंजिनिअर आले तेव्हा त्यांना नकाशा दाखवायची गरज पडली नाही. फुल्यांवरूनच कुठं डबे वाढवायचे ते ठरलं. पेशंट नसलेल्या वेळी केलेली चाचणी खोटी असते, म्हणून हीच फेरी भेटीच्या वेळी, माणसांनी व्हरांडे भरलेले असताना पुन्हा केली. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी हे सिग्नल पितं, हे त्या फेरीत दिसलं.

जिन्याच्या वळणावरची फुली मात्र डबा वाढवूनही गेली नाही. तिथंच हँडसेटचा प्रश्न येतो, आणि तिथंच स्वस्त नि महाग यांतला फरक कळतो. चालताना एक डबा सोडून दुसऱ्याला कधी धरायचं, हे डबा ठरवत नाही, फोन ठरवतो. हलका फोन जुन्या डब्याला चिकटून बसतो, तो अगदी दिसेनासा होईपर्यंत, आणि मग धडपडत दुसरा शोधतो. तेवढ्यात ‘किती युनिट’ यातला आकडा गळून पडतो. रक्ताच्या पिशव्यांच्या आकड्याला असं होऊन चालत नाही. चांगले फोन आधीच आजूबाजूचे डबे हेरून ठेवतात आणि ओळखपाळख नव्यानं न करता पलीकडे जातात. वाय-फायच्या ८०२.११ या मानकातली के, आर आणि व्ही ही तीन अक्षरं त्यासाठीच आहेत. ती फोनमध्येही हवीत आणि डब्यांमध्येही. एकीकडेच असून उपयोग नाही. आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे हँडसेट घेऊन तोच जिना उतरवून पाहिला. एकात सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास नीट आले. तोच घेतला. तो जरा जाडजूड आहे, दिसायला साधा आहे, दर पाळीला सॅनिटायझरनं पुसला तरी चालतो आणि फरशीवर पडला तरी दगावत नाही. बॅटरी काढून दुसरी घालता येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सिग्नल अशक्त असेल तिथं फोन जास्त वीज खातो. बारा तासांच्या रात्रपाळीत पहाटे चारला चार्जिंगला लावलेला फोन म्हणजे पुन्हा भिंतीवरचाच फोन.

आता वीज. माझ्या मते सारी भिस्त इथं आहे आणि इथंच सगळे कमी पडतात. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची ती खोली आता कुणीतरी दूरचं सांभाळत नाही. ती आपल्याच इमारतीत बांधावी लागते. फायबरचा डबा, राउटर, स्विच, आपलं एक्स्चेंज, छतावरचे सगळे डबे, यांतलं एक जरी विजेविना राहिलं तरी तीसच्या तीस फोन मुके. ‘आमच्याकडे जनरेटर आहे,’ असं म्हणून भागत नाही. जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, पण एकदा बंद पडलेला स्विच आणि डबे पुन्हा उठून कामाला लागायला काही मिनिटं घेतात. तेवढ्या मिनिटांत काय काय होऊ शकतं, हे इस्पितळातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून या सगळ्या साखळीला यूपीएस हवाच. स्विचमधून नेटवर्कच्या तारेतूनच डब्यांना वीज देता येते, त्यामुळे यूपीएस एकाच जागी ठेवून भागतं. हे तर जुन्या दोन तारांचंच शहाणपण आहे. आम्ही दुपारी, सर्वांना सांगून, मुख्य बटण पाडलं आणि फोनवर बोलत राहिलो.

बाहेरच्या लाइनचं थोडक्यात सांगते. इमारतीच्या आत आपण आपलं जाळं वापरावं, पण शहराच्या फोनला जोडायचं ते परवाना असलेल्या दूरसंचार कंपनीकडून रीतसर सिप ट्रंक, म्हणजे डेटाच्या तारेवरून येणारी फोनलाइन, घेऊनच. कमी पैशात आडवाटेनं जोडून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. आणि बाहेरची दुसरी वाट वेगळ्या कंपनीची असावी. रस्ता खोदताना केबल तुटते तेव्हा एकाच कंपनीच्या दोन लाइनी एकदम जातात. कुणी म्हणेल, डिसेंबर २०१९ पासून आपल्याकडे साध्या मोबाइलवरही वाय-फाय कॉलिंग आलं आहे, मग हा खर्च कशाला. लहान दवाखान्याला ते पुरेल. पण त्यानं नंबर पुन्हा माणसाचाच राहतो, आणि सिस्टरच्या घरचा रात्रीचा फोन थांबत नाही.

अतिदक्षता विभाग, लेबर रूम आणि रिसेप्शन इथले वायरचे फोन मी काढू दिले नाहीत. ते जागचे हलत नाहीत, चार्ज करावे लागत नाहीत, आणि अंधारात हात बरोबर तिथंच जातो.

इतकं करूनही बोर्डावरचं एक काम उरलं होतं, माणूस शोधून देण्याचं. ते आता थोडंफार यंत्राला शिकवता येतं. एक्स्टेंशन १४ नं चार घंट्यांत उचलला नाही तर फोन १५ कडे जातो, तिथून इन्चार्ज सिस्टरकडे, आणि शेवटी रिसेप्शनवरच्या जिवंत माणसाकडे. हा क्रम विक्रेत्यानं ठरवू नये. सिस्टरांना बसवून, चहा देऊन, त्यांच्याकडून ठरवून घ्यावा. कोण कुणाच्या आधी मोकळं असतं हे त्यांनाच ठाऊक. आमचा क्रम ठरायला अख्खी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली. रिसेप्शनवर आता बसते ती मुलगी हुशार आहे. तिच्या पडद्यावर कुठला फोन चालू, कुठला बंद हे दिसतं. तरी मी तिला सांगितलं आहे, की डॉक्टर बाहेर पडताना खिडकीत डोकावून सांगून जातील अशी सवय लाव. ती लावते आहे. दोन डॉक्टर सांगायलाही लागले आहेत.

जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तासन्‌तास न लागलेले ट्रंक कॉल आणि त्यामुळे उशिरा पोचलेली बातमी मी विसरलेले नाही. पावसाळ्यात आठ-आठ दिवस मेलेल्या लाइनी विसरलेले नाही. आजची सिस्टर पलंगापासून न हलता डॉक्टरांना गाठते, ही माझ्या काळात स्वप्नातली गोष्ट होती. फक्त तेव्हा फोन चालता ठेवायची जबाबदारी एक्स्चेंजमधल्या, खांबावरच्या आणि बोर्डावरच्या माणसांनी वाटून घेतली होती, नि आता ती ज्याची इमारत त्याची आहे.

म्हणून माझी विनंती, तुमचं इस्पितळ असो, शाळा असो की सदर बाजारातली तीन मजली पेढी. तीस फोन एकदम विकत घेऊ नका. दोन हँडसेट आठ दिवसांसाठी मागून घ्या, सगळ्यात गर्दीच्या पाळीत, सगळ्यात जास्त चालणाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि त्याच आठवड्यात एकदा मुद्दाम वीज बंद करून बघा. विक्रेता याला तयार नसेल तर दुसरा विक्रेता पाहा.